रडगाणी म्हणणाऱ्यांनो, एकदा शब्द तर ऐका!

गेल्या शनिवारी क्लास संपल्यावर पुन्हा तोच वाद झाला. आमचा टँगोचा क्लास म्हणजे दहा-बारा जणं, बहुतेक सगळी आयटीतली, भाड्याचा हॉल, डोक्यावर खडखडणारा पंखा. दीड तास एकमेकांचे पाय तुडवून झाले की खाली टपरीवर कटिंग. तिथे आमचा एक मित्र (कोड उत्तम लिहितो, मतं वाईट मांडतो) म्हणाला, "म्युझिक कसलं भारी आहे यार! शब्द कळत नाहीत तेच बरं. तू सांगतोस त्यावरून सगळी देवदासगिरी दिसतेय. पोरगी गेली, दारू प्यायला, रडला. नुसता पळपुटेपणा."

मी तेव्हा चहा पीत होतो आणि समोर मुली होत्या, त्यामुळे गप्प बसलो. पण हे वाक्य मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. स्पॅनिश मी एका प्रोजेक्टपायी शिकलो आणि टँगोपायी टिकवलं. बाकी माझी काही पात्रता नाही, हे आधीच सांगतो.

मुळात टँगोला शब्द मागाहून आले. सुरुवातीच्या गाण्यांत थोडा चावटपणा आणि बराचसा बढाईखोरपणा असायचा. मी असा, मी तसा, माझ्यासारखा नाचणारा या गल्लीत दुसरा नाही. मग पास्कुआल कोन्तुर्सी नावाचा एक माणूस आला. दुसऱ्यांच्या तयार चालींवर आपले शब्द बसवायचे आणि माँतेव्हिदेओच्या कॅबरेंमध्ये ते गायचे, हा त्याचा उद्योग. सामुएल कास्त्रिओताची 'लिता' नावाची एक चाल होती, तिच्यावर त्याने शब्द लिहिले आणि १९१७ मध्ये कार्लोस गार्देलने ते गाणं रेकॉर्ड केलं. 'मी नोचे त्रिस्ते', म्हणजे माझी उदास रात्र. गायच्या टँगोची सुरुवात इथून मानतात.

आता या गाण्यात काय आहे ते बघा. बाई सोडून गेली आहे. माणूस सुरुवातीलाच कबूल करतो की विसरण्यासाठी पितोय. आमच्या मित्राचं ऐकणं इथेच संपतं! पण गाणं पुढे जातं, आणि पुढचं सगळं गाणं म्हणजे खोलीतल्या वस्तूंची यादी आहे. मातेबरोबर खायला तो अजून बिस्किटं आणतो (माते म्हणजे त्यांचा तो नळीने प्यायचा कडवट चहा). रात्री दार लावून घेणं त्याला जमत नाही, कारण उघडं असलं की ती येईल असं वाटत राहतं. आरसा, गिटार, दिवा, सगळ्यांची हजेरी लागते. विसरायला बसलेल्या माणसाने तीन मिनिटांत एकही गोष्ट विसरलेली नाही. याला तुम्ही पलायनवाद म्हणणार?

प्रोग्रामर मंडळींना त्यांच्या भाषेत सांगतो. एरर आली की ती पकडायची आणि काहीच करायचं नाही, रिकामा कॅच ब्लॉक ठेवून पुढे चालू लागायचं, याला म्हणतात पळ काढणं. प्रोग्रॅम चालतो, वरून सगळं छान दिसतं, आणि सहा महिन्यांनी कुठेतरी भलतीकडेच फुटतं. कोन्तुर्सीने त्याच्या बरोबर उलटं केलंय. पूर्ण स्टॅक ट्रेस छापलाय, ओळ नंबरासकट.

हा माणूस कुठून आला, हेही बघायला हवं. १८६९ च्या जनगणनेत ब्युनोस आयरेस शहराची वस्ती दोन लाखांच्या आत होती. १९१४ मध्ये ती पंधरा लाखांच्या वर गेली, आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले. इटलीतून, स्पेनमधून बोटीने आलेले, आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त. राहायला कोनवेन्तिय्यो, म्हणजे मधे अंगण, भोवती खोल्या, एका खोलीत एक कुटुंब नाहीतर चार-पाच सडे, आणि संडास सगळ्यांत मिळून. आपल्याकडच्या वाचकांना 'चाळ' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. १९०७ मध्ये भाडेवाढीविरुद्ध या भाडेकरूंनी संप केला, बायका झाडू घेऊन रस्त्यावर उतरल्या. अशा शहरात एखाद्याची बाई गेली तर त्याचं घर, गाव, नातं, सगळंच परत एकदा जातं. एकदा ते बंदरावरच गेलेलं असतं. त्या खोलीतल्या बिस्किटांचं वजन तिथून येतं.

इथे आमचा दुसरा मित्र मधे पडतो. हा वाचणारा आहे. त्याने मला बोर्हेस पाठवला. बोर्हेस पाठवला की वाद जिंकला असं या लोकांना वाटतं, काय बोलणार! बोर्हेसचं म्हणणं थोडक्यात असं: जुना टँगो शूर होता, खुशालचेंडू होता, चाकूवाल्यांचा होता, मग इटालियन स्थलांतरित आले, गार्देल आला आणि टँगो रडका झाला. 'एव्हारिस्तो कार्रिएगो' (१९३०) या पुस्तकाच्या १९५५ च्या आवृत्तीत त्याने टँगोच्या इतिहासावर लिहिलंय, आणि १९६५ मध्ये याच विषयावर चार व्याख्यानं दिली होती. त्यांच्या टेप मागाहून सापडल्या आणि २०१६ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. वाचायला मजा येते, म्हातारा बोलतो फार सुंदर.

पण त्याच कार्रिएगोच्या पुस्तकात प्रस्तावनेत बोर्हेस स्वतःच कबुली देतो की आपण पालेर्मोत वाढलो ते कुंपणाच्या आत, बागेत आणि वडिलांच्या इंग्रजी पुस्तकांच्या लायब्ररीत. चाकूवाले होते ते कुंपणाच्या पलीकडे. म्हणजे बघा, चष्मा लावलेला एक मुलगा खिडकीतून बाहेर बघतोय आणि आपण कोपऱ्यावरचे दादा आहोत अशी स्वप्नं रंगवतोय. आयुष्यभर रंगवली. १९६५ मध्येच त्याच्या शब्दांना पियाझोलाने चाली दिल्या आणि एदमुन्दो रिवेरोने ती गाणी गायली, त्यांतही तेच चाकू आणि तेच शूर मरण. मला ती गाणी आवडतात. पण पळून जाणं कशाला म्हणायचं हे ठरवायचंच असेल तर मग मला सांगा, भाड्याच्या खोलीत दार उघडं ठेवून झोपणारा माणूस पळतोय, की न पाहिलेल्या मारामाऱ्यांची आठवण काढणारा लेखक?

रडण्यावर आक्षेप घेणाऱ्यांचा खरा आक्षेप पुरुषाने रडण्यावर असतो, हे आता स्पष्ट बोलू या. आणि गंमत म्हणजे हे टँगोला आपल्या आधीच ठाऊक आहे. गार्देलच्या १९३१ च्या 'लुसेस दे ब्युनोस आयरेस' या सिनेमात 'तोमो ई ओब्लिगो' नावाचं गाणं आहे. गुत्त्यात बसलेला एक माणूस समोरच्याला पाजतो, आपली सगळी कहाणी सांगतो आणि वर उपदेश करतो की मर्दाने रडायचं नसतं. हे सांगेपर्यंत त्याने पूर्ण गाणंभर दुसरं काहीही केलेलं नाही! हा विनोद गीतकाराला कळत नव्हता असं समजणारा माणूस फारच भोळा.

दारूचंही तसंच. दारू गाण्यात कुठे येते, तिचा क्रम बघायला पाहिजे. एन्रिके सांतोस दिसेपोलोचं १९२८ चं 'एस्ता नोचे मे एम्बोर्राचो' घ्या. नावातच 'आज रात्री मी पिणार' असं आहे. पहाटे कॅबरेमधून एक बाई एकटी बाहेर पडताना त्याला दिसते. उतरलेली, थकलेली. दहा वर्षांपूर्वी हिच्यासाठी त्याने स्वतःचं वाटोळं करून घेतलं होतं, आईच्या तोंडचा घास काढला होता, मित्र तोडले होते. तो तिचं वर्णन फार दुष्टपणे करतो, ते ऐकताना मला अजूनही अंगावर येतं. पण हळूहळू कळतं की काळाने सूड उगवलाय तो हिच्यावर नाही, बघणाऱ्यावर. ज्याच्यासाठी बरबाद झालो ते हे होतं, एवढंच त्याच्या हातात उरलंय. आणि मग, अगदी शेवटी, तो म्हणतो की आता पितो. आधी सगळं डोळे उघडे ठेवून बघितलं, मग बाटली. आमच्या मित्राच्या यादीत 'पोरगी गेली, दारू प्यायला' एवढंच येतं, मधली तीन मिनिटं गायब. आणि गाणं त्या तीन मिनिटांतच आहे ना राव.

कातुलो कास्तिय्योचं 'ला उल्तिमा कुर्दा' (१९५६, चाल आनिबाल त्रोइलोची) तर याच्याही पुढे जातं. त्यातला माणूस बांदोनेओनशी बोलतो, पिणं म्हणजे काय हे पीत पीतच सांगतो, सकाळचं ऊन नको म्हणून खिडकी लावून घ्यायला सांगतो. पळणारा माणूस आपण पळतोय हे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगू लागला की त्याला पळता येत नाही, एवढं तर कोणालाही पटावं.

आणि एक व्यावहारिक मुद्दा. ही गाणी लोकांना गुंगीत ठेवणारी असती तर सरकारला ती आवडली असती. सरकारांना गुंगी आवडते. पण १९४३ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली आणि रेडिओवरच्या टँगोच्या शब्दांवर कात्री चालली. लुनफार्दो, म्हणजे ब्युनोस आयरेसची ती रस्त्यावरची बोली, नको. दारुडे नकोत. शुद्ध स्पॅनिश पाहिजे. एन्रिके कादीकामोचं 'लोस मारेआदोस' आदल्याच वर्षी आलं होतं. एकमेकांपासून तुटलेले दोघं शेवटच्या रात्री बरोबर बसून पितात आणि रडू नये म्हणून हसतात, असं ते गाणं. त्याचं नाव आणि शब्द बदलून 'एन मी पासादो', म्हणजे 'माझ्या भूतकाळात', असं सोवळं रूप करावं लागलं. हे पुढे १९४९ पर्यंत चाललं, गीतकार थेट पेरॉनना भेटले तेव्हा सुटलं. बाहेरून सांगितलं गेलेलं कारण भाषाशुद्धी आणि नीतीचं होतं, ते मान्य. पण शुद्ध भाषेत, नीटनेटके, न पिता दुःखी व्हा असा आग्रह धरणाऱ्यांना नेमकं काय खुपत होतं याचा विचार करा. आमच्या ऑफिसात एचआरची मेल येते 'वेलनेस'बद्दल, तेव्हा मला हे सेन्सॉरवाले आठवतात :-)

प्रेमभंगाच्या पलीकडेही हे जातं. दिसेपोलोच्या 'यिरा, यिरा'मध्ये (ब्युनोस आयरेसच्या आजच्या उच्चारात 'शिरा, शिरा', पण साजूक तुपातला नव्हे) बाई जवळजवळ नाहीच. गार्देलने ते १९३० मध्ये रेकॉर्ड केलं. त्याच वर्षीच्या एका छोट्या फिल्ममध्ये गार्देल आणि दिसेपोलो समोरासमोर उभे राहून या गाण्यातल्या माणसाबद्दल बोलतात. दिसेपोलो सांगतो की हा माणूस चाळीस वर्षं माणुसकीवर विश्वास ठेवून जगला आणि एके सकाळी उठून बघतो तर सगळी जनावरं. त्याच सप्टेंबरात लष्कराने निवडून आलेलं सरकार पाडलं. मग चार वर्षांनी 'काम्बालाचे', जुन्या बाजाराच्या दुकानासारखं झालेलं शतक, चोर आणि संत एका काचेमागे. प्रेयसीने फसवलं हे रडायला शिकलेली भाषा देशाने फसवलं हे सांगायला उपयोगी पडली. 'रडगाणं' म्हणून हसणाऱ्यांनी ही भाषा कुठून आली असती ते सांगावं.

आता आमच्या बाजूची घाणही काढतो, नाहीतर म्हणाल भक्त आहे. टँगोच्या शब्दांत एक जण खरोखर पळून जातो, आणि ती असते बाई. कोनवेन्तिय्योतली मुलगी शिवणकाम, इस्त्री सोडून शहराच्या मध्यात कॅबरेत जाते, तिथे फ्रेंच नाव घेते. सेलेदोनिओ फ्लोरेसच्या गाण्यात मार्गारिताची 'मार्गोत' होते. 'मिलोंगिता'मध्ये (१९२०) एस्तेरची तीच गत. त्या खोलीतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता या मुलींना कोणता होता? पुरुषाने बोट पकडून समुद्र ओलांडला तर तो धाडसी, मुलीने ट्राम पकडून चार मैल ओलांडले तर ती चिखलातलं फूल! आणि गाणं तिला शिक्षा केल्याशिवाय सोडत नाही: म्हातारी होशील, टाकून देतील, तेव्हा कळेल. 'मानो आ मानो'मधला (१९२३) माणूस त्यातल्या त्यात मोठ्या मनाचा, म्हणतो तशी वेळ आली तर माझ्याकडे ये. पण ती वेळ येणारच हे त्याने परस्पर ठरवून टाकलेलं असतं. आणि रिवेरोचं 'आमाब्लेमेन्ते' तर मी ऐकवतच नाही कोणाला. दुसऱ्याबरोबर सापडलेल्या बाईला नवरा अगदी सभ्यपणे वागवतो आणि मग चाकूचे चौतीस वार करतो. लोक त्यावर हसतात, त्यातल्या काळ्या विनोदाचं कौतुक करतात. मला नाही जमत. टँगोवर टीका करायचीय ना, मग इथे करा. रडण्यावर कसली करता? जिथे तो रडायचं सोडून चाकू काढतो तिथे खरा पळपुटेपणा आहे. (बोर्हेससाहेब, चाकू पुन्हा आला बघा.)

माझं स्वतःचं थोडं सांगतो, कारण नाहीतर एवढा का चिडलोय ते कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझं एक नातं संपलं, चार वर्षांचं. दोष कोणाचा ते जाऊ दे. मित्रांनी पहिल्याच आठवड्यात गोव्याची ट्रिप काढली. मग जिम लावली. मग एकाने माझ्याच फोनवर डेटिंगचं ॲप टाकून दिलं आणि माझे फोटोही त्यानेच निवडले. सगळे प्रेमाने करत होते, याबद्दल शंका नाही. 'मूव्ह ऑन' हा शब्द त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकला की तो मला डिप्लॉयमेंटचा कमांड वाटायला लागला. आणि रोज रात्री फ्लॅटवर आलं की ओट्यावर तिचा मग. मी तो धूत होतो. वापरत नव्हतो, धूत होतो आणि परत तिथेच ठेवत होतो. हे कोणाला सांगणार? जिमच्या ट्रेनरला?

तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा तो बिस्किटं आणणारा माणूस मला भेटला. त्याने काही सल्ला दिला नाही. फक्त आपल्या खोलीत काय काय आहे ते एकेक करून सांगितलं. त्या रात्री मी मग धुतला नाही. एवढंच झालं, याहून मोठा चमत्कार वगैरे नाही. म्हणून कोणी टपरीवर 'पळपुटेपणा' म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या महिन्यात मला पळायला शिकवणारे सगळे जिवंत होते आणि थांबायला शिकवणारा एकटा कोन्तुर्सी, जो १९३२ मध्येच वारला.

आणि मिलोंगात (म्हणजे टँगो नाचायच्या संध्याकाळी) गार्देल सहसा लावतच नाहीत, हे तुम्हाला माहितेय का? तो ऐकायचा, त्याच्यावर नाचायचं नाही, असा संकेत आहे. मला आधी हे विचित्र वाटायचं. आता पटतं. शब्द कळत असतील तर पाय उचलणं अवघड आहे.

शेवटी एका गाण्याचं सांगतो आणि थांबतो. 'पेरो यो से', 'पण मला ठाऊक आहे'. १९२८, शब्द आणि चाल दोन्ही आसुसेना माइसानीचे. ही तेव्हाची फार मोठी गायिका, वर सांगितलेलं दिसेपोलोचं 'आज रात्री पिणार'वालं गाणं रंगमंचावर पहिल्यांदा गायलं ते हिनेच. 'पेरो यो से' एका शौकीन माणसाबद्दल आहे. रात्र झाली की उठतो, नटूनथटून बाहेर पडतो, रोज नवी बाई, पैसा उधळतो, सगळी त्याला सुखी समजतात. आणि गाणारी म्हणते की मला ठाऊक आहे, तू एकीला विसरायला बघतोयस, आणि पहाटे सगळे गेले की तू काय करतोस तेही ठाऊक आहे. पलायनवादाचं याहून नेमकं वर्णन मी कुठे ऐकलेलं नाही, आणि ते १९२८ मध्ये एका बाईने टँगोमध्येच करून ठेवलंय.

दागोस्तिनोच्या ऑर्केस्ट्राबरोबर आंखेल बार्गासने ते गायलंय, त्याच्यावर नाचता येतं. येत्या शनिवारी गाणी लावायची पाळी माझी आहे. ते लावणार आहे, आणि आमच्या त्या मित्राला आधी शब्द सांगणार नाही. नाचू दे त्याला. चहाच्या वेळी सांगीन.